पोस्टग्रेस कोण घडवतं आणि कोण सांभाळतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोज पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे, नुकतेच शिकायला लागलेले, किंवा ज्यांच्या सर्व्हरने कधीतरी मध्यरात्री फोन वाजवलाय अशा मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एका जागी आणले आहेत. कमांड कशी लिहायची हे अधिकृत दस्तऐवजात छान सापडतं, त्यामुळे ते इथे नाही. हे सॉफ्टवेअर तयार कसं होतं आणि वर्षानुवर्षं धडधाकट कसं राहतं, याबद्दलचे हे प्रश्न आहेत.

पोस्टग्रेस म्हणायचं की पोस्टग्रेस्क्यूएल?

दोन्ही चालतं. १९८६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकल स्टोनब्रेकर यांनी हे काम सुरू केलं. त्याआधी त्यांनी इंग्रेस नावाचा डेटाबेस केला होता. त्याच्यानंतरचा म्हणून पोस्ट-इंग्रेस, आणि त्याचं झालं पोस्टग्रेस. तेव्हा त्यात एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची प्रमाण भाषा) नव्हती, पोस्टक्वेल नावाची वेगळी क्वेरी भाषा होती. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या तिथल्याच दोन विद्यार्थ्यांनी ती काढून एसक्यूएल बसवली. १९९६ मध्ये सध्याचं लांबलचक नाव ठरलं आणि जानेवारी १९९७ मध्ये त्या नावाने ६.० ही आवृत्ती आली. बोलताना सगळे पोस्टग्रेसच म्हणतात. निविदेत किंवा करारात मात्र पूर्ण नाव लिहा.

याचा मालक कोण?

कुणीच नाही. बैठकीत हे उत्तर दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग उद्या काही झालं तर धरायचं कुणाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पोस्टग्रेसचा परवाना बीएसडी आणि एमआयटी परवान्यांच्या वळणाचा, जेमतेम काही ओळींचा आहे. कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. बाकी वापरा, बदला, विका, स्वतःचा बदललेला कोड गुपित ठेवलात तरी हरकत नाही. कॉपीराइट एका कंपनीच्या हातात एकवटलेला नसल्यामुळे हा परवाना एका सहीने बदलून टाकणं कुणालाच शक्य नाही. इतर काही प्रकल्पांच्या बाबतीत नेमकं तेच घडलेलं आपण अलीकडच्या वर्षांत पाहिलं आहे.

मायएसक्यूएल हे दुसरं लोकप्रिय डेटाबेस सॉफ्टवेअर २००८ मध्ये सन कंपनीकडे आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे गेलं. त्या धास्तीतूनच त्याच्या मूळ कर्त्याने मारियाडीबी हा वेगळा फाटा काढला. पोस्टग्रेसच्या बाबतीत विकत घ्यायला काही आहेच कुठे? अमेरिकेत ग्रेट ब्रिज नावाची कंपनी पोस्टग्रेसवर व्यवसाय उभा करायला निघाली होती. प्रकल्पातली काही महत्त्वाची माणसं तिच्या पगारावर होती. २००१ मध्ये ती बंद पडली. माणसांनी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या आणि डेटाबेसच्या आवृत्त्या पुढेही येत राहिल्या. "धरायचं कुणाला" या प्रश्नाला माझं उत्तर हेच असतं: आधारासाठी कंपनी जरूर धरा, करार करा, पण ती कंपनी उद्या नसली तरी तुमचा डेटाबेस असेल.

कारभार पाहायला सात जणांची कोअर टीम आहे. मूळ कोडमध्ये थेट बदल करण्याचा हक्क असलेले कमिटर साधारण तीस आहेत. कोअर टीममध्ये निम्म्याहून जास्त माणसं एकाच कंपनीची नसावीत, हा संकेत ही मंडळी मनापासून पाळतात. २०२० मध्ये पोस्टग्रेसवर व्यवसाय करणाऱ्या ईडीबीने सेकंडक्वाड्रंट ही तशीच दुसरी कंपनी घेतली तेव्हा पाचपैकी तीन सदस्य एकाच छताखाली आले. काही आठवड्यांत आणखी दोघांना सामावून टीम सातची करण्यात आली.

मग या लोकांचं पोट कशावर चालतं?

बहुतेक मुख्य कार्यकर्ते पगारी आहेत, फक्त ते वेगवेगळ्या कंपन्यांचे. ईडीबी, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, फुजित्सू, एनटीटी अशा कंपन्या माणसं नेमतात, कारण त्यांची उत्पादनं यावर उभी आहेत. शिवाय सल्लागार आहेत आणि फावल्या वेळात करणारेही आहेत. पण कोणत्याही कंपनीच्या साहेबाने सांगितलं म्हणून पॅच (कोडमधल्या बदलाची फाइल) आत जात नाही. तो परीक्षेला बसतोच.

ही परीक्षा नक्की कशी असते?

तुम्ही बदल करता, त्याचा पॅच तयार करता आणि "हॅकर्स" या मेलिंग लिस्टवर पाठवता. पॅच वाऱ्यावर हरवू नये म्हणून कमिटफेस्टच्या यादीत त्याची नोंद करता. कमिटफेस्ट म्हणजे नवं लिहिणं बाजूला ठेवून एकमेकांचं तपासायचा महिना. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च असे वर्षाला पाच.

मग लोक पॅच लावून बघतात. कंपाइल होतो का? टेस्ट आहेत का? दस्तऐवजात भर घातली आहे का? दोन सेशन एकाच वेळी त्याच रोवर (टेबलातल्या ओळीवर) आले तर काय होईल? इंडेक्स (शोध झटपट व्हावा म्हणून केलेली सूची) तयार होत असताना सर्व्हर पडला तर? जुनी बॅकअप फाइल नव्यात उतरेल का? सात-आठ वेळा पॅच नव्याने लिहावा लागणं इथे नित्याचं आहे, वीस-पंचवीस आवृत्त्या झालेले पॅचही कमी नाहीत. ज्याने पॅच पाठवला त्याने तेवढ्याच वजनाचा दुसऱ्या कुणाचा तरी पॅच तपासावा अशी अपेक्षा असते. हा नियम मला फार आवडतो. लिहायला सगळे पुढे असतात. अडतं ते तपासणाऱ्यांवाचून.

नोंद असेल तर बदला, नसेल तर घाला, हे एकाच वेळी करणाऱ्या मर्ज या कमांडची गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती एसक्यूएलच्या मानकात होती, ओरॅकलकडे होती, लोक कधीपासून मागत होते. एप्रिल २०१८ मध्ये ती आवृत्ती ११ साठी कमिट झाली. लगेच जाणत्यांनी तिच्या अंतर्गत रचनेवर गंभीर आक्षेप घेतले आणि त्याच महिन्यात ती परत काढून घेतली गेली. ती अखेर आली आवृत्ती १५ मध्ये, म्हणजे २०२२ ला. मधली चार वर्षं वापरणाऱ्यांना चुटपूट लागून राहिली, मलाही. पण डेटाबेसमध्ये एकदा शिरलेली रचना पंधरा-वीस वर्षं उचलून धरावी लागते. तेव्हाचा निर्णय बरोबर होता, असं मी आज ठामपणे म्हणेन.

गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. असं का?

गिटहबवर दिसते ती फक्त आरसाप्रत. मूळ रिपॉझिटरी, म्हणजे कोडचं भांडार, प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर आहे (२०१० मध्ये सीव्हीएस या जुन्या प्रणालीवरून ती गिटवर आली). पॅच वर सांगितलेल्या वाटेनेच पाठवा.

बिल्डफार्म म्हणजे काय?

जगभरातल्या स्वयंसेवकांची आणि कंपन्यांची यंत्रं, जी ताजा कोड सारखा उतरवून घेतात, कंपाइल करतात आणि टेस्ट चालवतात. प्रत्येक यंत्राला एखाद्या प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव असतं. क्रेक, प्रायन, स्किंक. लिनक्स, विंडोज, वेगवेगळे बीएसडी, जुनेपाने प्रोसेसर, तऱ्हेतऱ्हेचे कंपायलर, सगळं त्यात येतं. स्किंकवर व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली टेस्ट चालतात, म्हणून त्याचा निकाल यायला वेळ लागतो, पण मेमरीच्या ज्या चुका बाकीच्यांच्या नजरेतून निसटतात त्या तो पकडतो.

कमिट केल्यावर कमिटर पुढचे काही तास बिल्डफार्मकडे डोळे लावून बसलेला असतो. कुठलं यंत्र लाल झालं की आधी त्याच्याकडेच विचारणा होते.

नवी आवृत्ती कधी येते? जुनी किती वर्षं चालते?

मेजर आवृत्ती वर्षाला एक, बहुधा सप्टेंबरच्या आसपास. १७ आली २६ सप्टेंबर २०२४ ला, १८ आली २५ सप्टेंबर २०२५ ला. एप्रिलमध्ये नवे बदल घेणं थांबतं, मेमध्ये बीटा, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती, येते, मग उन्हाळा-पावसाळाभर चुका शोधणं चालतं. प्रत्येक मेजर आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात.

मायनर आवृत्त्या फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी. त्यात फक्त दुरुस्त्या असतात, नवी सोय एकही नाही. डेटा उतरवून पुन्हा चढवायची गरज नसते. नवी बायनरी (कंपाइल झालेला प्रोग्राम) टाकायची, सर्व्हर रिस्टार्ट करायचा. एवढ्यासाठी वर्ष-वर्ष टाळाटाळ करणारे भेटतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यांना छळणारा बग आठ महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालेला असतो.

एक गोंधळ जुन्या लोकांचा होतो. आवृत्ती १० च्या आधी ९.५ वरून ९.६ ही मेजर उडी होती. १० पासून पहिला आकडा मेजर आणि दुसरा मायनर, इतकं सरळ आहे.

मायनर अपडेट आलं की त्याच दिवशी घ्यायचं का?

सुरक्षेची दुरुस्ती असेल आणि तुमचा सर्व्हर बाहेरून दिसत असेल तर हो. एरवी आधी चाचणीच्या सर्व्हरवर घ्या आणि आठवडाभराने खऱ्यावर. याला कारण आहे. १४ नोव्हेंबर २०२४ ला १७.१ आणि तिच्यासोबतच्या इतर मायनर आवृत्त्या आल्या. त्यात एका अंतर्गत स्ट्रक्चरचा आकार वाढला होता. पोस्टग्रेस स्वतः नीट चालत होतं, पण आधीच्या मापाने कंपाइल झालेली टाइमस्केलडीबीसारखी एक्स्टेन्शन (बाहेरून जोडायच्या सोयी) अडचणीत आली. चूक उघडपणे मान्य झाली आणि २१ नोव्हेंबरला, म्हणजे सातव्या दिवशी, ठरल्या वेळापत्रकाबाहेर १७.२ आली.

व्हॅक्यूमची भानगड काय आहे? दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर नसते.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून एक उदाहरण हातात घेऊ.

एका पतसंस्थेच्या खात्यात ५,००० रुपये शिल्लक आहे. सकाळी दहाला कुणीतरी सगळ्या खात्यांच्या बेरजेचा मोठा अहवाल लावला. दहा वाजून दोन मिनिटांनी खातेदाराने ५०० काढले. पोस्टग्रेस त्या रोमधले ५,००० खोडून ४,५०० लिहीत नाही. जुनी रो तशीच राहते, तिच्यावर फक्त शिक्का बसतो की अमुक ट्रान्झॅक्शनने (एकसंध व्यवहाराने) हिला बाद केलं. ४,५०० ची नवी रो शेजारी लिहिली जाते, तिच्यावर शिक्का की अमुक ट्रान्झॅक्शनपासून ही जन्मली. दहाला सुरू झालेल्या अहवालाला अजूनही ५,००० दिसतात, नव्याने बघणाऱ्याला ४,५००. वाचणारा लिहिणाऱ्याला अडवत नाही, लिहिणारा वाचणाऱ्याला अडवत नाही. दोघांचंही आपापल्या वेळेचं चित्र सुसंगत. हे १९९९ च्या ६.५ पासून असं आहे.

आता अहवाल संपला. ५,००० वाली रो कुणालाच दिसत नाही, पण जागा अडवून बसली आहे. ती जागा मोकळी करणं म्हणजे व्हॅक्यूम. इतर डेटाबेसनाही जुन्या प्रती कुठेतरी ठेवाव्याच लागतात. ओरॅकल त्या अनडू नावाच्या वेगळ्या जागेत ठेवतं, पोस्टग्रेस टेबलातच ठेवतं.

हे काम आपोआप करायला ऑटोव्हॅक्यूम असतं. मुळातल्या सेटिंगनुसार टेबलातल्या २० टक्के रो अधिक ५० इतक्या बाद झाल्या की ते त्या टेबलाकडे वळतं. दहा लाख रोंच्या टेबलात म्हणजे २,००,०५० रो मेल्यावर. पन्नास कोटींच्या टेबलाला हे प्रमाण अर्थातच जड जातं. अशा टेबलापुरतं ते कमी करा. "ऑटोव्हॅक्यूम सर्व्हर हळू करतं" म्हणून ते बंद करणारे आहेत. कृपा करून तसं करू नका. घरातला केर काढताना धूळ उडते म्हणून केर काढणं सोडून देत नाही आपण.

बाद रो साफ होत नसतील तर आधी बघा, कुणी ट्रान्झॅक्शन उघडं टाकून जेवायला गेलंय का. एक विसरलेलं सेशन तीन दिवस उघडं राहिलं तर तीन दिवसांचा केर तसाच साचतो, कारण त्या सेशनला जुनं चित्र दिसण्याचा हक्क आहे.

ट्रान्झॅक्शन आयडी संपतात म्हणे. म्हणजे डेटाबेस बंद पडतो?

वर ज्या शिक्क्यांबद्दल सांगितलं त्यांचा क्रमांक ३२ बिटांचा असतो. म्हणजे सुमारे चार अब्ज. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९,९९९ नंतर जसं पुन्हा शून्य येतं, तसंच इथेही. मग आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं? उपाय असा की पुरेशा जुन्या झालेल्या रो व्हॅक्यूम गोठवून ठेवतं. "ही सगळ्यांसाठी जुनीच" असा कायमचा शिक्का. टेबलातला सर्वात जुना क्रमांक २० कोटी ट्रान्झॅक्शन मागे पडला की ऑटोव्हॅक्यूम ते टेबल सक्तीने घेतं, तुम्ही ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवलं असलं तरी.

तेही अडलं तर आवृत्ती १४ पासून चार कोटी शिल्लक राहिल्यावर इशारे सुरू होतात आणि तीस लाख उरले की नवे क्रमांक देणं थांबतं. वाचता येतं, लिहिता येत नाही. यावर "सिंगल यूजर मोडमध्ये जा" (म्हणजे सर्व्हर थांबवून एकट्यानेच आत शिरा) हा सल्ला अजून फिरतो. आता सहसा त्याची गरज पडत नाही. जुनी उघडी ट्रान्झॅक्शन बंद करा, कुणी वापरत नसलेले रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिका म्हणजे प्रतिकृती सर्व्हरसाठी राखलेल्या जागा) काढा, अर्धवट राहिलेली प्रिपेअर्ड (दोन टप्प्यांत पक्की होणारी) ट्रान्झॅक्शन निकालात काढा, आणि मग साधं व्हॅक्यूम चालवा.

डिस्क भरली. लॉगचे फोल्डर उडवले तर चालेल ना?

थांबा. कुठले लॉग?

काही वर्षांपूर्वी एका संस्थेतून रात्री फोन आला. डिस्क शंभर टक्के भरली होती. तिथल्या हुशार आणि प्रामाणिक मुलाने डेटा फोल्डरमध्ये शिरून ज्या फोल्डरच्या नावात "लॉग" दिसलं, त्यातल्या सोळा-सोळा एमबीच्या फाइल उडवल्या. जागा झाली, पण सर्व्हर वर येईना. तो राइट-अहेड लॉग, म्हणजे वॉल, होता. कमिट झालेले, म्हणजे पक्के ठरलेले, बदल टेबलांच्या फाइलींत उतरण्याआधी जिथे लिहिले जातात ती वही. आदल्या रात्रीच्या बॅकअपवर परत जावं लागलं, मधल्या दिवसाच्या पावत्या कागदावरून पुन्हा भरल्या. त्या मुलाला दोष देता येत नाही. नावच तसं होतं.

ही चूक जगभर इतक्या जणांनी केली की आवृत्ती १० मध्ये फोल्डरची नावं बदलली. "पीजी-एक्सलॉग" चं "पीजी-वॉल" झालं आणि "पीजी-सीलॉग" चं "पीजी-एक्सअ‍ॅक्ट". कित्येक स्क्रिप्ट त्यामुळे मोडल्या, तरी तो बदल झाला.

वॉल साचत असेल तर कारण बहुतेक वेळा दोहोंपैकी एक असतं: अर्काइव्ह करणारी कमांड अपयशी ठरते आहे, किंवा मेलेल्या रेप्लिकाचा स्लॉट तसाच राहिला आहे. आवृत्ती १३ पासून स्लॉटसाठी किती वॉल राखायचा याला मर्यादा घालता येते. ती घालाच.

कमिट झालं म्हणजे डेटा डिस्कवर गेलाच, याची खात्री काय?

डेटाबेस कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) "हे आता खरोखर डिस्कवर उतरव" असं सांगतो, ते एफसिंक. कर्नल "झालं" म्हणाला की आपण निर्धास्त. वीस वर्षं सगळे असंच धरून चालले होते.

मार्च २०१८ मध्ये क्रेग रिंगर यांनी हॅकर्स लिस्टवर लिहिलं की लिनक्सवर हे गृहीतक चुकीचं आहे. डिस्कवर लिहिताना चूक झाली तर एफसिंक एकदा ती कळवतं, पण कर्नल मेमरीतल्या त्या पानांवर "स्वच्छ" (लिहून झालेली) अशी खूण करून मोकळा होतो. पोस्टग्रेस काय करायचं? चूक आली, बरं, पुन्हा एफसिंक करू. दुसऱ्या खेपेला "झालं" असं उत्तर यायचं. डेटा मात्र कुठेच गेलेला नसायचा.

त्यानंतरची चर्चा वाचावी अशी आहे. कर्नलची माणसंही तिच्यात ओढली गेली. दोष कुणाचा यावर मतभेद झाले, पण वापरणाऱ्याचा डेटा राखायची जबाबदारी आपली, या भूमिकेवरून पोस्टग्रेसवाले हटले नाहीत. फेब्रुवारी २०१९ च्या मायनर आवृत्त्यांमध्ये, ११.२ पासून मागे ९.४ पर्यंत, वर्तन बदललं. एफसिंक अपयशी ठरलं की पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करत नाही, स्वतःला पाडतं आणि वॉलमधून उभं राहतं. सर्व्हर पडणं वाईटच, पण गुपचूप हरवलेली रक्कम त्याहून वाईट.

सुरक्षेतली त्रुटी सापडली तर?

ती जाहीर लिस्टवर टाकू नका, सुरक्षा टीमचा वेगळा पत्ता आहे. दुरुस्ती ठरल्या दिवशी सगळ्या चालू आवृत्त्यांसाठी एकदम निघते. एप्रिल २०१३ मध्ये एक गंभीर त्रुटी होती: डेटाबेसच्या नावाची सुरुवात आडव्या रेघेने केलेली विनंती पाठवली की सर्व्हरच्या फाइली बिघडवता येत. तेव्हा दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत काही दिवस सार्वजनिक रिपॉझिटरीत बदल दिसणंच थांबवलं होतं.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत लपवलेलं चोरदार जगापुढे आणलं ते अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या कमिटरने. पोस्टग्रेसची बारीक मोजमापं घेताना त्यांना लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला, आणि तो कुठून आला हे शोधत ते मुळापर्यंत गेले.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावर काही नावं सापडेनाशी झाली. टेबलात तर आहेत!

जवळपास नक्की कोलेशन, म्हणजे शब्दांचा क्रम लावायचे नियम. शब्दांचा क्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीला विचारतं, आणि इंडेक्स त्या क्रमाने रचलेला असतो. २०१८ मध्ये आलेल्या, लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीच्या २.२८ ने क्रमच बदलला. आधी "११" पहिलं आणि "१-१" त्यानंतर यायचं, आता उलट (इंग्रजी आकड्यांत लिहून पाहा). इंडेक्स जुन्या क्रमाचा आणि शोधणारा नव्या क्रमाने चाललेला; मग तो चुकीच्या फांदीवर जाऊन "नाही" म्हणून परततो. युनिक इंडेक्स असूनही एकच नाव दोनदा घुसू शकतं.

डेबियन १० किंवा रेड हॅट ८ या लिनक्स आवृत्त्या ओलांडून आलेले बहुतेक सर्व्हर यातून गेले आहेत. मजकुरावरचे इंडेक्स रीइंडेक्स करा, आधी अ‍ॅमचेक एक्स्टेन्शनने तपासून घ्या. आवृत्ती १५ पासून डेटाबेसच्या कोलेशनची आवृत्ती नोंदलेली असते आणि जुळली नाही तर इशारा मिळतो. तो नजरेआड करू नका.

"कऱ्हाड" शोधलं तर निम्म्याच नोंदी येतात. का?

आपल्या मराठीचा खास प्रश्न, आणि याचं उत्तर बाहेर कुणी देणार नाही.

हा अर्धा र युनिकोडमध्ये किमान तीन प्रकारे टाइप होतो. पहिला, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि ह. दुसरा, साधा र, त्याला नुक्ता (अक्षराखालचा टिंब), मग हलन्त. तिसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर तिन्ही हुबेहूब "कऱ्हाड". पोस्टग्रेसला लांबी विचारा: पहिल्याची ६, बाकी दोघांची ७. बाइटमध्ये १८ आणि २१. पोस्टग्रेस बाइट तुलना करून समानता ठरवतं, म्हणून ही तीन वेगळी गावं झाली. वऱ्हाड, गोऱ्हे, दुसऱ्या, सगळीकडे हेच.

आवृत्ती १३ पासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. ते दुसऱ्या प्रकाराचं पहिल्यात रूपांतर करतं. तिसऱ्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी तो पहिल्याशी समान नाही. त्यासाठी "र, हलन्त, जोडक" या तिघांच्या जागी "ऱ, हलन्त" घालणारा रिप्लेस आपणच लिहायचा. दोन्ही पायऱ्या एका फंक्शनमध्ये घाला, नोंद भरतानाच ट्रिगरने आपोआप चालवा आणि शोधण्याच्या शब्दावरही तेच फंक्शन लावा. मतदारयादी, सातबारा, शाळेचा पट, जिथे मराठी नावं आहेत तिथे हे पहिल्या दिवशी करावं. नंतर निस्तरायला फार जड जातं.

क्रमाचंही सांगतो. "सी" कोलेशन नुसता युनिकोड क्रमांक बघतं, त्यामुळे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, आणि क्ष थेट क मध्ये जाऊन बसतो. मराठी वर्णमालेप्रमाणे यादी हवी असेल तर आवृत्ती १० पासून मिळणारं आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन लावून पाहा.

मजकूर-शोधात मराठी आहे का?

शब्दांची मूळ रूपं काढणारे स्टेमर पोस्टग्रेसला स्नोबॉल या प्रकल्पाकडून मिळतात. नेपाळी आणि तमिळ आवृत्ती १२ मध्ये आल्या, हिंदी १४ मध्ये. मराठी अजून नाही. त्यामुळे स्टेमर न लावणारं "सिम्पल" वापरावं लागतं आणि "घर" शोधलं तर "घरात", "घराला", "घरांमध्ये" सुटतात. शुद्धलेखन तपासणाऱ्या हनस्पेलच्या धाटणीच्या शब्दकोश फाइली जोडता येतात, त्याने थोडं भागतं.

मराठीचं काम अवघड आहे. विभक्तीआधी सामान्यरूप होतं: "पाणी" चं "पाण्यात", "शेतकरी" चं "शेतकऱ्याला". नुसता प्रत्यय कापून चालत नाही. पण व्याकरण जाणणारा एक आणि प्रोग्रामिंग जाणणारा एक, असे दोघे चिकाटीने बसले तर होण्यासारखं आहे. ते स्नोबॉलकडे द्यायचं, तिथून पोस्टग्रेसमध्ये येतं.

आपल्याकडून कुणी यात काम करतं का?

हो, आणि पायाभूत काम. २००८ च्या ८.३ मध्ये आलेलं "हॉट" हे पवन देवळसी यांचं. इंडेक्समधला कॉलम बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नव्या रोसाठी इंडेक्समध्ये नवी नोंद करावी लागत नाही. वर पतसंस्थेचं उदाहरण दिलं त्यातली शिल्लक दिवसातून चाळीसदा बदलली तरी इंडेक्स फुगत नाही, ते यामुळे. आवृत्ती १० मधलं टेबलाचं विभाजन अमित लांगोटे यांचं, ११ मधला विभाग-विभाग जोडणारा जॉइन आशुतोष बापट यांचा. अमित कपिला कमिटर आहेत. हॅश इंडेक्स वॉलमध्ये नोंदवून भरवशाचे करण्याचं काम त्यांचं. ईडीबीचं पुण्यात कार्यालय आहे, आणि पीजीकॉन्फ इंडिया ही परिषद बंगळुरूला भरते.

पोस्टग्रेस ज्यात लिहिलंय ती सी भाषा मला येत नाही. माझा काय उपयोग?

भरपूर. बीटा आली की तुमच्या कामाचा डेटा तिच्यावर चढवा आणि काय मोडतं ते कळवा. सप्टेंबरनंतर सापडणाऱ्या चुका मेमध्ये सापडाव्यात यासाठीच ती असते. दस्तऐवजात एखादा परिच्छेद तीनदा वाचूनही कळला नाही तर तो सुधारून पाठवा. माझ्या ओळखीतल्या अनेकांची सुरुवात तिथूनच झाली. कमिटफेस्टमधला एखादा लहान पॅच घ्या, लावा, वापरणाऱ्याच्या नजरेने पाहा आणि काय दिसलं ते लिहा. "लावला, टेस्ट पास झाल्या, पण एररचा संदेश मला कळला नाही" एवढं लिहिलंत तरी तो रिव्ह्यू असतो.

बग कळवताना काय लिहू?

नेमकी आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, आणि रिकाम्या डेटाबेसवर चालवून तोच बिघाड दिसेल अशी छोटी स्क्रिप्ट. काय झालं आणि तुमच्या मते काय व्हायला हवं होतं, दोन्ही लिहा. एररचा संदेश जसाच्या तसा उतरवा, पडद्याचा फोटो नको. टॉम लेन यांच्यासारखी दशकानुदशकं इथे असलेली माणसं स्वतः बगच्या मेलिंग लिस्टवर उत्तरं देतात, आणि स्क्रिप्ट नीट असेल तर अनेकदा त्याच दिवशी.